खटला जिंकला, नोकरीचे काय?

७,१९६ रुपये ६७ पैसे. नोकरीतील भेदभावाविरुद्ध आपल्या देशात जे खटले गाजले, त्यांतल्या एका महत्त्वाच्या खटल्यात वाद होता तो एवढ्या रकमेचा. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या मार्चमध्ये त्यावर शेवटचा शब्द उच्चारला. कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल आजही शिकवला जातो. पण ज्या बाईंनी तो मिळवला, त्या कंपनीतून बाहेर पडून तोपर्यंत जवळजवळ दहा वर्षे झाली होती.

मॅकिनन मॅकेन्झी या मुंबईतील जुन्या कंपनीत ऑड्रे डिकोस्टा या बाई 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' होत्या. हुद्दा लांबलचक, काम मात्र आपल्या ओळखीचे. वरिष्ठ साहेबाचे डिक्टेशन घ्यायचे, पत्रे टाइप करायची आणि कार्यालयातल्या चार गोष्टी पोटात ठेवायच्या. कंपनीत पुरुष स्टेनोही होते. लघुलेखनाची चिन्हे तीच, टाइपरायटर तेच, पण पगार पुरुषांना जास्त. जून १९७७ मध्ये बाईंची नोकरी संपली. मग त्यांनी नव्याने आलेल्या समान मोबदला कायद्याचा आधार घेतला. हा कायदा प्रथम २६ सप्टेंबर १९७५ रोजी वटहुकूम म्हणून आला होता. त्या दिवसापासून नोकरी संपेपर्यंतचा फरक मिळावा, एवढीच बाईंची मागणी होती.

पहिल्या अधिकाऱ्याने काय करावे? दोघांचे काम एकाच स्वरूपाचे आहे हे त्याने मान्य केले आणि तरीही अर्ज फेटाळला! कारण काय, तर युनियनशी झालेल्या वेतन-करारातूनच हा फरक आलेला आहे. बाईंनी अपील केले, तेथे त्या जिंकल्या. मग कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तेथे एका न्यायमूर्तींपुढे हरली, खंडपीठापुढे हरली आणि दिल्लीला गेली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती वेंकटरामय्या यांनी कंपनीचे मुद्दे एकेक करून निकालात काढले. युनियनशी करार झालेला असला तरी तो कायद्याच्या वर नाही. वरिष्ठ साहेबांच्या हाताखाली केवळ बायकाच असतील, तर त्या तेथे असाव्यात ही इच्छा व्यवस्थापनाचीच होती, म्हणून त्यांचा वर्ग निराळा ठरत नाही. आणि समान पगार देणे आम्हाला परवडत नाही, ही सबब तर कायद्याला मुळीच ठाऊक नाही.

या निकालातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट आहे युनियनची. कामगारांच्या हक्कासाठी भांडणाऱ्या संघटनेच्याच करारातून बायकांचा पगार कमी ठरला होता, आणि तो कागद कंपनीने ढालीसारखा पुढे धरला. भेदभाव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोणी दुष्ट मालक उभा राहतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो चारचौघांच्या सहीशिक्क्यानिशी, रीतसर झालेला असतो.

असे निकाल मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. वर्तमानपत्रात मथळा येतो, 'महिला कर्मचाऱ्याचा ऐतिहासिक विजय'. आपण रविवारच्या चहाबरोबर तो वाचतो, बरे वाटते, पान उलटते. त्या बाईंचे पुढे काय झाले, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणारीचे काय झाले, हे मात्र त्या मथळ्यात नसते. निकालाचा खरा हिशेब तेथेच करायला हवा. तो केला की दिसते ते असे, की लढणाऱ्याच्या वाट्याला थोडेच येते. बरेचसे मागून येणाऱ्यांना मिळते, आणि तेही कोणी पुन्हा जाऊन मागितले तरच.

एअर इंडियाच्या हवाई सुंदरींची कथा पाहा. हा वादही मुंबईत सुरू झाला आणि उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे हवाई सुंदरीची नोकरी तीनपैकी जे आधी घडेल त्या दिवशी संपे. तिला पस्तिसावे वर्ष लागले, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत तिने लग्न केले, किंवा तिला पहिल्यांदा दिवस गेले. पस्तिशीनंतर मुदतवाढ मिळे, पण ती व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीने. त्याच विमानात, तोच ट्रे हातात घेऊन फिरणारा पुरुष पर्सर मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरीत राही.

ऑगस्ट १९८१ मध्ये नर्गिस मिर्झा खटल्याचा निकाल लागला. पहिल्या गरोदरपणात नोकरी काढून घेणे घटनाबाह्य ठरले. साहेबांच्या मर्जीवरची मुदतवाढही रद्द झाली. हा विजयच होता, आणि तो लहान नव्हता. पण त्याच निकालात न्यायालयाने चार वर्षे लग्न न करण्याची अट योग्य ठरवली आणि त्यासाठी कुटुंब नियोजनाचाही आधार दिला! शिवाय हवाई सुंदरी आणि पर्सर यांची भरती, बढती वेगळी, म्हणून त्यांचे वर्गच वेगळे, तेव्हा तुलनाच नको, असेही ठरले. हा 'वेगळा वर्ग' शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. आधी व्यवस्थापनाने दोघांसाठी दोन दारे करायची, आणि मग न्यायालयात सांगायचे की हे तर वेगवेगळ्या दारांनी आले आहेत.

पुढची तीस वर्षे या बायका त्या दोन शब्दांशी झगडत होत्या. १९८९ मध्ये सरकारने आदेश देऊन त्यांचे निवृत्तीचे वय अठ्ठावन्न केले. ऐकायला छान. पण आकाशात काम करण्याचे वय कमीच राहिले. ते पुढे पन्नासपर्यंत वाढले, त्यानंतर जमिनीवरचे काम. उड्डाण बंद म्हणजे उड्डाणाचे भत्ते बंद. मुंबई उच्च न्यायालयाने हा फरक रद्द केला, तर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. येथेही गंमत अशी, की बायकांत एकमत नव्हते. संघटनेला पन्नाशीत उतरण्याचा करार मान्य होता, तर वरच्या श्रेणीतल्या बायकांना उडत राहायचे होते. शेवटी त्या पराभवानंतर सरकारनेच त्यांना अठ्ठावन्नपर्यंत उडण्याची मुभा दिली. म्हणजे कोर्टात जिंकले तेव्हा अर्धे मिळाले, आणि हरले तेव्हा उरलेले मिळाले.

तरी एक पायरी बाकी होतीच. विमानातल्या सेवकवर्गाचा प्रमुख, म्हणजे 'इन-फ्लाइट सुपरवायझर', हा पुरुषच असे. डिसेंबर २००५ मध्ये एअर इंडियाने ते पद बायकांनाही खुले केले. त्यावर कोर्टात गेले ते पुरुष सहकारी! दिल्ली उच्च न्यायालयात ते हरले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. १९८१ ते २०११. पहिल्या खटल्याच्या वेळी नोकरीला लागलेली मुलगी एव्हाना निवृत्तीच्या दाराशी आली होती.

लग्नाच्या अटीचा प्रवास तर याहून विचित्र आहे. मुंबईतील औषधांच्या एका कंपनीत नियम होता, की अमुक खात्यातल्या मुलींनी लग्न केले की नोकरी सोडायची. कंपनीचे म्हणणे, लग्न झालेल्या बायका गैरहजर फार राहतात. बॉम्बे लेबर युनियनने भांडण काढले, आणि १९६५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने हा नियम गैर ठरवला. अविवाहित किंवा विधवा बायकांपेक्षा विवाहित बाई जास्त गैरहजर राहील असे मानायला आधार नाही, बाळंतपणाच्या रजेचा फरक पडतो तेवढाच, असे कोर्टाने सुनावले. (येथे युनियनने उजळ माथ्याने काम केले, हेही नोंदवले पाहिजे.) एवढे स्पष्ट सांगून झाल्यावर सोळा वर्षांनी विमान कंपनीची चार वर्षांची अट त्याच न्यायालयात पास झाली. आणखी सात वर्षांनी, १९८८ मध्ये, लष्करी शुश्रूषा सेवेतील एका लेफ्टनंट बाईंना लग्न केले म्हणून सेवेतून कमी करण्यात आले. तो नियम १९९५ मध्ये मागे घेतला गेला, पण त्यांची नोकरी गेली ती गेलीच. लष्करी न्यायाधिकरणात त्या जिंकल्या, तर सरकार अपिलात गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नोकरीऐवजी साठ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. साठ लाख ही रक्कम मोठी वाटते. छत्तीस वर्षांचा पगार, बढत्या आणि निवृत्तिवेतन एका बाजूला ठेवून पाहा, म्हणजे तिचा खरा आकार कळेल.

सरकार मालक असते तेव्हा तरी ते अधिक उदार असेल, अशी भाबडी समजूत आपल्याकडे आहे. भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला सी. बी. मुथम्मा यांना वरची श्रेणी नाकारली गेली, तेव्हा त्या १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सेवेचा नियम असा, की स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात व्यत्यय येतो असे सरकारला वाटले तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. पुरुष अधिकाऱ्याच्या संसाराची सरकारला काळजी नव्हती. खटला सुनावणीला आला तोवर सरकारने त्यांना बढती देऊन टाकली आणि कोर्टाला सांगितले की एक नियम काढला आहे, दुसरा काढण्याच्या वाटेवर आहे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सरकारला खरमरीत शब्दांत सुनावले, पण बढती मिळाल्यामुळे याचिका निकाली काढली. ही युक्ती खाजगी कंपन्यांनाही चांगली अवगत आहे. तक्रार करणारीचे तोंड गोड करायचे, म्हणजे नियमावर निकालच लागत नाही.

आणि निकाल लागला तरी तो पाळायला हवा ना! सैन्यात १९९२ पासून स्त्रिया अल्पमुदतीच्या अधिकारी म्हणून येऊ लागल्या. चौदा वर्षे झाली की घरी. त्यांना कायम कमिशन द्या, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१० मध्ये दिला. सरकारने अपील केले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले, की निकालाला स्थगिती दिलेली नाही. तरीही तो अमलात आला नाही. १७ फेब्रुवारी २०२० रोजी अंतिम निकाल लागला, तेव्हा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी सरकारच्या युक्तिवादातल्या जुनाट समजुतींवर बोट ठेवले. खेड्यापाड्यांतून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, हाही त्यांतला एक मुद्दा होता.

आता तरी सुटले असे वाटत असतानाच निवडीच्या कसोट्या आल्या. पुरुष अधिकाऱ्यांची शारीरिक पात्रता नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी पाहिली गेली होती. बायकांना ती संधी तेव्हा नव्हती, म्हणून तीच कसोटी चाळिशी-पंचेचाळिशीत लावली गेली. त्यांचे गोपनीय अहवालही 'हिला कुठे कायम व्हायचे आहे' या समजुतीने उरकलेले होते, आणि आता त्याच अहवालांवर गुण दिले गेले. मार्च २०२१ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने सांगितले, की वरवर सर्वांना सारखा दिसणारा नियमही भेदभाव करू शकतो. मला विचाराल तर सामान्य नोकरदाराच्या दृष्टीने २०२० च्या निकालापेक्षा हा २०२१ चा निकाल अधिक कामाचा आहे. कारण आजकाल 'बायकांना घेणार नाही' असे कोणी लिहून देत नाही. नियम सर्वांना सारखाच असतो, फक्त तो असा बेतलेला असतो की ठरावीक माणसेच गाळली जावीत.

भंवरीदेवींचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुढे नेता येत नाही. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातील ही 'साथिन'. बालविवाह थांबवण्याचे काम केले म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले. याच घटनेमुळे दाखल झालेल्या 'विशाखा' याचिकेवर १९९७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि त्यांतून २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक कार्यालयात आज तक्रार समिती असावी लागते, ती या बाईमुळे.

मग ओळखीतले कोणी विचारते, 'माझ्यावर अन्याय होतोय, केस करू का?' याला सरळ 'हो' म्हणणे मला जमत नाही, कारण पहिला प्रश्न मालक कोण हा आहे. राज्यघटनेची समानतेची कलमे मुख्यतः सरकार आणि सरकारी संस्थांना बांधतात. खाजगी कंपनीविरुद्ध जायचे तर नेमका कायदा हाती हवा. डिकोस्टाबाई खाजगी कंपनीविरुद्ध जिंकल्या, त्या समान मोबदला कायदा होता म्हणून. त्या कायद्याची तरतूद आता २०१९ च्या वेतन संहितेत आली आहे, आणि ही संहिता इतर तीन कामगार संहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो. लैंगिक छळाची तक्रार तर तीन महिन्यांच्या आत. अपंगांसाठी २०१६ चा आणि एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा कायदा आहे. पण जातीवरून किंवा धर्मावरून खाजगी कंपनीने बढती अडवली, मुलाखतीत आडनाव ऐकून चेहरा बदलला, तर त्यासाठी नोकरीपुरता असा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, परंतु तो गुन्ह्यांचा. अडलेल्या बढतीला त्याचा उपयोग क्वचितच.

दुसरा प्रश्न हुद्द्याचा. गंमत म्हणजे कामगाराला कामगार न्यायालयाचे दार उघडे असते, आणि 'मॅनेजर' ही पाटी लागलेल्याला ते बंद होते. त्याला दिवाणी कोर्टात जावे लागते, तेथे भरपाई मिळू शकते, खुर्ची सहसा परत मिळत नाही. चार माणसांवर देखरेखही नसलेल्या तरुण मुलामुलींना हल्ली कार्डावर 'मॅनेजर' छापून देतात. ही पाटी केवळ शोभेची नसते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना सांगायला हरकत नाही. खरे काम कोणते, हे कोर्ट पाहते, पण ते सिद्ध करण्यात पुन्हा वर्षे जातात.

थोडा दिलासाही आहे. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले, की बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना मागचा पगार मिळणे हा सर्वसाधारण नियम आहे. मधल्या काळात कमाई नव्हती असे त्याने सांगितले, की ती होती हे मालकाने सिद्ध करायचे. तो खटला भेदभावाचा नव्हता, पण ज्याला भेदभावाने काढले त्यालाही तो उपयोगी आहे. २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळाली, तीही अशीच. रस्त्याच्या कामावर मजुरी करणाऱ्या त्या बायका एकेकट्या लढल्या असत्या तर कुठेच पोचल्या नसत्या. त्यांची संघटना होती.

मात्र हे सारे कागदावर चालते. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, वार्षिक अहवाल, बदलीचे हुकूम, ई-मेल. नोकरी गेली त्या दिवशी कंपनीचा संगणक आणि त्यातला पत्रव्यवहार हातून जातो, म्हणून स्वतःच्या नेमणुकीचे आणि पगाराचे कागद आधीपासून घरी असलेले बरे. तोंडी तक्रार ही तक्रारच नव्हे. साहेबाला भेटून आलात तरी दुसऱ्या दिवशी 'काल आपले असे बोलणे झाले' असे दोन ओळींचे पत्र जायला हवे.

आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या अर्जात एकेकाळी बायकांना मासिक पाळीच्या तारखा आणि गरोदरपणाचा तपशील भरावा लागे. एका उमेदवार बाईंनी ते नीट भरले नाही, म्हणून बाळंतपणाच्या रजेनंतर त्यांना काढून टाकले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले आणि ते रकाने अर्जातून काढून टाका, असे महामंडळाला सांगितले. छापील फॉर्ममधून रकाना गेला. आता तो प्रश्न मुलाखतीत हसत हसत, चहाचा कप पुढे सरकवत विचारला जातो, 'मग, लग्नाबिग्नाचा विचार?' त्याला कागद नाही, सही नाही, साक्षीदारही बहुधा नाही. तेव्हा मुलीने घरी आल्यावर निदान एवढे करावे, की कोणी, कोणत्या दिवशी, नेमक्या कोणत्या शब्दांत विचारले ते तारखेसह वहीत उतरवून ठेवावे.